शेरा : चारित्र्य असमाधानकारक

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४. विधानसभेची आचारसंहिता आज लागते की उद्या, महापालिकेच्या सगळ्या मजल्यांवर एवढीच चर्चा. ती लागली की नेमणुकीचे आदेश थांबणार, आणि सामान्य प्रशासन विभागात त्या दिवशी तेवीस आदेश सहीच्या तोंडाशी आलेले. निवड झाली, मूळ कागदपत्रं पाहिली, वैद्यकीय तपासणी झाली. राहिली होती ती चारित्र्य पडताळणी. जिल्हा विशेष शाखेचे अहवाल शुक्रवारी संध्याकाळी एकगठ्ठा आले होते. एकोणीस ‘निरंक’, म्हणजे पोलिसांकडे काही नोंद नाही, चारांवर शेरा.

आस्थापनेच्या लिपिकाने सकाळी अकराच्या आत चारही जणांचे ‘नियुक्ती रद्द’चे मसुदे टंकून ठेवले होते. मजकूर एकच, नावं तेवढी बदललेली. ‘आपण साक्षांकन नमुन्यात खरी माहिती दडवून ठेवल्याचे पोलीस अहवालावरून निदर्शनास आल्याने...’ त्याची चूक म्हणता येत नाही, कारण मागच्या भरतीतल्या फाइलमध्ये हेच केलेलं होतं आणि कार्यालयात मागची फाइल हाच कायदा असतो. पण त्या चौघांपैकी एकाने तर काहीच दडवलं नव्हतं. सगळं लिहून वर पुरवणी कागदही जोडला होता, आणि मसुदा त्याच्याही नावाने तयार होता. म्हटलं, चारही फाइली इकडे आणा आणि अहवाल नाही, आधी उमेदवारांनी स्वतः भरलेले साक्षांकन नमुने उघडा.

नमुना आधी का, ते सांगते. पोलीस अहवाल म्हणजे दीड ओळ. ‘सदर इसमाविरुद्ध गु.र.नं. अमुक/अमुक, भा.दं.वि. कलम अमुक प्रमाणे गुन्हा दाखल आहे. चारित्र्य असमाधानकारक.’ ठाण्यातला हवालदार संगणकावर नाव टाकतो, जे येतं ते उतरवतो. त्या गुन्ह्याचं पुढे काय झालं, दोषारोपपत्र गेलं की समरी होऊन तपास बंद झाला, खटल्याचा निकाल काय, हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतंच. ‘दाखल आहे’ हा वर्तमानकाळ वीस वर्षं जुन्या गुन्ह्यालाही लागतो. आणि ‘असमाधानकारक’ हे पोलिसांचं मत झालं. नेमणूक द्यायची की नाही हे नियुक्ती प्राधिकाऱ्याने ठरवायचं असतं, म्हणजे आमच्याकडे आयुक्तांनी. त्यांनी डोकं चालवलं असं कागदावर दिसलं पाहिजे, नाहीतर आदेश न्यायालयात टिकत नाही.

या विषयात सगळं फिरून येतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २१ जुलै २०१६ च्या ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालापाशी. तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. त्याआधी दोन-दोन न्यायमूर्तींचे निकाल एकमेकांच्या उलट जात होते. एकात तरुणपणातली चूक म्हणून माफी, दुसऱ्यात माहिती लपवली म्हणून घरी. या निकालाने पायऱ्या लावून दिल्या. उमेदवाराने खरं सांगायला हवं, हे पहिलं. लपवलं, पण गुन्हा किरकोळ असेल, कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखा, तर नियोक्ता त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. किरकोळ नसलेल्या प्रकरणात शिक्षा झाली असेल तर उमेदवारी रद्द होऊ शकते. नैतिक अधःपतनाच्या किंवा गंभीर गुन्ह्यात तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल, तर नियोक्त्याने सगळं पाहून ठरवावं. खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं नाही. आणि आमच्या कामाचं सगळ्यात मोठं वाक्य शेवटाकडे आहे : नमुन्यातला प्रश्न नेमका असला पाहिजे, आणि जे नेमकं विचारलंय तेवढ्याच्या उत्तरावरून ‘दडवलं’ असं म्हणता येतं. न विचारलेलं नियोक्त्याच्या कानावर दुसरीकडून आलं, तर योग्यतेचा विचार करताना ते पाहता येईल. पण लपवल्याचा दोष देता येणार नाही.

आता आमचा नमुना. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अक्षरांच्या कडा झिजलेल्या. त्यातला प्रश्न असा आहे : ‘आपणास कधी अटक, स्थानबद्ध, जामीनबद्ध, दंड किंवा शिक्षा झाली आहे काय? आपणाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित आहे काय?’ समोर बोटभर रुंदीचा रकाना. ‘आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय’ असं तो कुठेच विचारत नाही. लोकांच्या डोक्यात मात्र तोच प्रश्न असतो, लिहिणाऱ्याच्याही आणि तपासणाऱ्याच्याही.

चारपैकी तिघांनी त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत त्या तीन ‘नाहीं’चे तीन वेगवेगळे अर्थ निघाले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पहिल्या फाइलवर. सफाई कामगाराचा मुलगा, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारस म्हणून नेमणूक. वडील मे महिन्यात सेवानिवृत्त झालेले, एकतीस वर्षं झाडू आणि गटार. पोरगा आणि बाप दोघंही सकाळपासून जिन्याजवळच्या बाकावर. पोलिसांच्या अहवालात २०१८ चा गुन्हा, भा.दं.वि. १४३, १४७, १४९, ३२३, ५०४, ५०६. बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, शिवीगाळ, दमदाटी. गणपतीत दोन मंडळांची जुंपली की ही कलमं अशी ओळीनेच लागतात, ती वाचूनच प्रसंग डोळ्यांसमोर येतो.

दोघांना आत बोलावलं. बापाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलेली एफ.आय.आर.ची झेरॉक्स. ‘‘मॅडम, ते तर मिटलं होतं,’’ बाप म्हणाला. ‘‘तीनदा गेलो आम्ही तारखेला. मग त्यांनी बोलावलंच नाही.’’

‘‘कुठे गेला होतात? कोर्टात?’’

‘‘नाही, त्या मुलांच्या शाळेत. पोरं ठेवतात ना, तिथं बाई बसायच्या टेबलाला.’’

इथेच माझे कान टवकारले. मुलांना ठेवतात ती ‘शाळा’ म्हणजे निरीक्षणगृह, आणि तिथे टेबलाला बसतं ते बाल न्याय मंडळ. सज्ञान आरोपीला तिथे कुणी बोलावत नाही.

एफ.आय.आर. टेबलावर पसरली. छापील नमुन्यात रकाना ३ मध्ये घटनेचा वार, तारीख, वेळ असते आणि रकाना ७ मध्ये आरोपींचा तपशील. रकाना ३ : रविवार, २३ सप्टेंबर २०१८, रात्री साडेदहा. त्या वर्षीची अनंत चतुर्दशी. रकाना ७ मध्ये सहा नावं, सहाव्या क्रमांकावर हा, वय १९ वर्षे. एफ.आय.आर.मधलं वय हे फिर्यादीने अंदाजाने सांगितलेलं असतं. मिशी फुटली की एकोणीस. ते कुणी तपासत नाही आणि त्या रात्री तपासायला वेळही नसतो.

मग नेमणुकीच्या फाइलमधला शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मतारीख ११ मार्च २००१. आकडेमोड पाटीवर करावी तशी करायची, वर्षं आधी, मग महिने, मग दिवस : ११ मार्च २०१८ ला सतरा पूर्ण, ११ सप्टेंबरला वर सहा महिने, २३ ला बारा दिवस. घटनेच्या रात्री वय सतरा वर्षं, सहा महिने, बारा दिवस. अठरा पूर्ण नाहीत.

वयाचं हे गणित करताना एक खबरदारी घ्यावी लागते. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला की मी थांबते. पूर्वी गुरुजी प्रवेशाच्या वेळी १ जून टाकून मोकळे व्हायचे, अख्खी पिढी एकाच दिवशी जन्मली. या दाखल्यावर ११ मार्च होतं, म्हणजे कुणीतरी खरी तारीख सांगितली होती. कायद्यात वयाच्या पुराव्याचा क्रम ठरलेला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ९४ : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. शाळेचा दाखला असताना पुढे जायची गरज नव्हती. पण जन्म-मृत्यू नोंदणी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर, मग कशाला शंका ठेवा? तिथल्या कारकुनाने लोखंडी कपाटातून २००१ ची जाड नोंदवही काढली, धूळ झटकली आणि मार्चची पानं उलटत बोट फिरवलं. नोंद सापडली. महापालिकेचाच दवाखाना, ११/०३/२००१, पुरुष, बापाचा व्यवसाय ‘सफाई कामगार’. ज्या संस्थेने त्या पोराचा जन्म नोंदवला, तीच आता त्याला गुन्हेगार ठरवून परत पाठवायला निघाली होती.

त्या गुन्ह्याचा तपास पुढे नीट झाला होता, हे मान्य केलं पाहिजे. तपास अधिकाऱ्याने शाळेचा दाखला मिळवला, पाच सज्ञान आरोपींचं दोषारोपपत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवलं आणि याचं प्रकरण वेगळं काढून बाल न्याय मंडळाकडे. बालकाचं आणि सज्ञानाचं प्रकरण एकत्र चालवता येत नाही, कलम २३. एरवी किरकोळ गुन्ह्यात बालकाविरुद्ध एफ.आय.आर. नोंदवायचीच नसते, ठाणे दैनंदिनीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाला द्यायचा असतो. सज्ञानांबरोबर मिळून केल्याचा आरोप असेल तेव्हा मात्र एफ.आय.आर. होते. तशी ती झाली. अडलं ते संगणकात. रकाना ७ मधलं सहावं नाव आणि ‘वय १९’ तिथे तसंच राहिलं, आणि सहा वर्षांनी चारित्र्य पडताळणीसाठी नाव टाकल्यावर ते वर आलं.

आणि ‘मग बोलावलंच नाही’ याचाही कायद्यात अर्थ आहे. लावलेल्या कलमांत जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असलेला गुन्हा या कायद्यात ‘किरकोळ’. त्याची चौकशी बालकाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने वाढवता येतात. तेवढ्यातही संपली नाही तर किरकोळ गुन्ह्यातली कार्यवाही कलम १४ प्रमाणे आपोआप समाप्त होते. बापाला वाटलं होतं, साहेबांनी दया केली.

फाइल घेऊन उपायुक्तांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता. ‘‘पण लपवलं ना त्याने?’’

नमुना समोर ठेवला. अटक? बालकाला ताब्यात घेतात, आणि याला त्या रात्री ठाण्यात बसवून पहाटे बापाच्या स्वाधीन केलं होतं. दंड नाही, शिक्षा नाही. प्रलंबित खटला? कार्यवाहीच संपलेली. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ हेच खरं उत्तर आहे. आणि त्यापलीकडे, कलम ७४(२) पोलिसांना सांगतं की बालकाची अशी नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी उघड करायची नाही. बंद झालेल्या प्रकरणाला ते मुळापासून लागू होतं. २०२१ च्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणही त्यात आलं. जी गोष्ट पोलिसांनी सांगायलाच मनाई आहे, ती त्या पोराने स्वतःहून लिहावी अशी अपेक्षा कशी करणार? दोषी ठरला असता तरी कलम २४ प्रमाणे शिक्षेला चिकटणारी अपात्रता त्याला लागली नसती. अपवाद एकच : वय सोळा किंवा वर, गुन्हा निर्घृण, आणि बाल न्यायालयाने सज्ञान म्हणून चालवलेलं प्रकरण. मंडपासमोरची मारामारी त्यात बसत नाही. ‘भारत सरकार विरुद्ध रमेश बिश्नोई’, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलंय : अल्पवयात झालेल्या आरोपावरून नोकरी नाकारता येत नाही, आरोप खरे धरले तरी.

साहेब म्हणाले, ‘‘ठीक. बाल न्याय मंडळाचा आदेश मागवून घ्या, फाइलला लागेल.’’

इथे मी अडले. कार्यालयीन सवय अशी की शंका आली की आणखी एक कागद मागवायचा. दाखला आपल्याला वाचवतो. पण मंडळाने काय ठरवलं याने आपला निर्णय बदलणारच नसेल, तर तो आदेश मागणं म्हणजे जे बंद ठेवायचं ते पुन्हा उघडून आपल्या फाइलला टाचणं. ठरवायला दोनच तारखा पुरेशा होत्या, एक एफ.आय.आर.च्या रकाना ३ मधली, दुसरी जन्माची, आणि दोन्ही टेबलावर होत्या. साहेबांनी नोंदवहीच्या उताऱ्यावर बोट ठेवून स्वतः पुन्हा गणित केलं. सतरा, सहा, बारा. मग सही.

दुसरी फाइल वीस मिनिटांत झाली. कर विभागासाठी लिपिक, विवाहितेच्या छळाच्या ४९८-अ मध्ये दीर म्हणून आरोपी, खटला प्रलंबित. याने रकान्यात ‘होय, पुरवणी पाहावी’ लिहून वेगळ्या कागदावर गुन्हा क्रमांक, कलमं, न्यायालय, आर.सी.सी. म्हणजे खटला क्रमांक, सोळा अंक-अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक, पुढची तारीख, सगळं दिलं होतं. सी.एन.आर. टाकला की ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर खटल्याचा सगळा प्रवास दिसतो. एफ.आय.आर.मध्ये याच्या वाट्याला तीन ओळी, त्यातही ‘सासरच्या सर्वांनी’ असा मोघम मजकूर. आदेशात अट घातली : नेमणूक खटल्याच्या निकालाच्या अधीन राहील, निकाल लागल्यापासून पंधरा दिवसांत प्रत सादर करावी. दुपारी तीनला आदेश त्याच्या हातात. प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून नोकरी मिळतेच असं नाही, हेही खरं. खुनाचा प्रयत्न असता तर पुरवणी कितीही नेटकी असली तरी वेगळा निर्णय झाला असता. पण लिहिलेलं असलं की प्रश्न एकच उरतो, गुन्ह्याचा. लिहिलेलं नसलं की दोन होतात.

तिसरा अग्निशामक पदाचा. ‘नाही’ लिहिलेलं, आणि अहवालात मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२(अ). फोन करून बोलावलं तर म्हणाला, ‘‘ते काही नाही मॅडम, पत्ते खेळत होतो, दोनशे रुपये भरले, तिथंच संपलं.’’ मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय! कोर्टात उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरला की ती दोषसिद्धी. वकील म्हणतो भरून टाक, तारखा वाचतील. भरणाऱ्याला वाटतं पावती फाडली. प्रत्यक्षात जी मुलं खटला लढून सुटतात त्यांच्यापेक्षा याची नोंद वाईट होते. वाहतुकीचं ई-चलन ऑनलाइन भरणं निराळं, ती तडजोड, तिथे न्यायालय येत नाही आणि त्यासाठी उमेदवारांनी घाबरायचं कारण नाही. पण न्यायालयात भरलेला दंड हा दंडच, आणि आमच्या नमुन्यात ‘दंड’ हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. तसाच ‘जामीनबद्ध’. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत, तहसीलदारांपुढे शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला असेल तर तो इथे लिहायचा असतो, आणि निम्मे लोक ‘ते काय कोर्ट आहे का’ म्हणून सोडून देतात. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १०७. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तेच १२६.

याचं ‘नाही’ खोटं होतं, पण गुन्हा किरकोळ. अवतार सिंग निकालाप्रमाणे आयुक्तांना माफ करता येतं. फक्त ते न विचारता करता येत नाही. कारणे दाखवा नोटीस, सात दिवसांची मुदत, लेखी खुलासा, मग सकारण आदेश. सात दिवस म्हणजे १४ ऑक्टोबर. खुलासा शेवटच्या दिवशी संध्याकाळी आला, १५ ला दुपारी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. त्याची नेमणूक निकालानंतर, डिसेंबरात झाली. दोन महिन्यांचा पगार आणि ज्येष्ठता यादीतली जागा गेली ती दोनशे रुपयांपायी नाही, दोन अक्षरांपायी.

चौथी फाइल वाचायला मला जड गेली, निर्णयाला नाही. मालमत्ता कर वसुलीसाठी निवडलेला लिपिक. आधी एका पतसंस्थेत रोखपाल, तिथे ४०६ आणि ४२० चा, म्हणजे विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा, अटक, २०२१ मध्ये निर्दोष. नमुन्यात ‘नाही’. ई-कोर्ट्सवर नावाने शोधलं तर सापडेना, कारण आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कोर्टाच्या नोंदीत वेगळं. अशा वेळी नावाच्या मागे लागू नये, तिथे एफ.आय.आर. क्रमांकाने शोधायची सोय आहे. ठाणं, क्रमांक, वर्ष टाकलं की खटला येतो. निकालपत्र उतरवून घेतलं. निकालपत्र वाचताना आधी ‘मुद्दे’ आणि ‘निष्कर्ष’ असा दोन रकान्यांचा तक्ता शोधायचा, मग त्या मुद्द्यांखालची कारणं. शेवटच्या पानावरचं ‘निर्दोष मुक्त करण्यात येते’ हे वाक्य सगळ्यांना सारखंच मिळतं, त्यातून काही कळत नाही. इथे कारणांत लिहिलं होतं की फिर्यादी आणि दोन ठेवीदार फितूर झाले, रक्कम परत मिळाल्याचं त्यांनी सांगितलं, सबब आरोप शाबीत होत नाही. रक्कम परत मिळाली, म्हणजे आधी गेली होती.

‘सन्मानपूर्वक निर्दोष’ हा शब्दप्रयोग फौजदारी संहितेत नाहीच, न्यायालयांच्या निकालांतून तो आलाय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या समुथिरम प्रकरणात स्पष्ट केलंय. त्यामुळे निकालपत्रात तो शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. पुरावा पूर्ण तपासून फिर्याद खोटी ठरवली, की पुरावाच आला नाही, एवढं पाहायचं. आणि पद पाहायचं. हाच इसम उद्यान विभागात माळी म्हणून आला असता तर माझी टिप्पणी कदाचित दोन परिच्छेद लांबली असती. घरोघर जाऊन पावती फाडून रोख घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती एका परिच्छेदात संपली. यालाही नोटीस गेली, खुलासा आला : ‘निर्दोष सुटल्यामुळे लिहिण्याची गरज वाटली नाही.’ अटक झाली होती का, हा प्रश्न सुटकेने पुसला जात नाही. पुढे उमेदवारी रद्द झाली, पाच पानी कारणांसह.

या धावपळीत एकोणीस निरंकांपैकी एक मुलगी येऊन विचारून गेली, लॉकडाऊनमध्ये सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ लागलं होतं, शासनाने सगळे मागे घेतलेत, तर लिहू की नको? नमुना तिने भरून दिलेला, अहवालही निरंक. तरी तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण हा घोळ आंदोलनांच्या गुन्ह्यांतही होतो. शासनाने निर्णय घेतला म्हणजे खटला मागे गेला असं नव्हे. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करायचा असतो, जुनं कलम ३२१, नवं ३६०, आणि न्यायालयाची संमती लागते. दोषारोप ठेवण्याआधी मागे घेतला तर आरोपी मुक्त, नंतर घेतला तर निर्दोष. हातात शासन निर्णयाची प्रत असून उपयोग नाही, त्या खटल्यातला न्यायालयाचा आदेश हवा. तिने दुसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचं पत्र देऊन नोंद करून ठेवली. नमुना भरल्यानंतर काही घडलं, अटक झाली, खटला उभा राहिला, तरी कार्यालयाला लगेच कळवायचं असतं. ती सूचना नमुन्याच्या डोक्यावरच छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही.

साडेपाचला विशेष शाखेला पत्र केलं. यापुढे अहवालात घटनेची तारीख, घटनेच्या दिवशीचं वय आणि त्याचा आधार, दोषारोपपत्राची तारीख, न्यायालय, खटला क्रमांक, निकाल आणि अपील, एवढं यावं. आणि २०१८ च्या त्या अहवालापुरतं वेगळं, गोपनीय पत्र : कलम ७४(२) कडे लक्ष वेधून तो परत घ्यावा, सुधारित द्यावा आणि संगणकातली नोंद दुरुस्त करावी. सुधारित अहवाल नवव्या दिवशी आला, ‘निरंक’.

पण आदेश त्याच दिवशी काढायचा होता, आणि एक अडचण उरली होती. लिपिकाच्या सकाळच्या टिप्पणीत गुन्हा क्रमांक, कलमं, सगळं निळ्या शाईत लिहिलेलं. फाइल चार टेबलं फिरलेली. कलम ७४ बालकाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हीच फाइल उद्या लेखापरीक्षणाला जाणार, परवा कुणी माहिती अधिकारात मागणार. टिप्पणीचं पान फाडता येत नाही, पानांना क्रमांक असतात. शेवटी साहेबांच्या लेखी मान्यतेने ती दोन पानं, पोलीस अहवाल आणि एफ.आय.आर.ची झेरॉक्स एका जाड खाकी लिफाफ्यात घातली, वर ‘गोपनीय : नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय उघडू नये’ आणि पृष्ठ क्रमांक लिहिले. मुख्य फाइलला नवी टिप्पणी लागली, एका ओळीची : ‘चारित्र्य पडताळणी अहवाल तपासला, नियुक्तीस बाधा नाही.’

लिफाफ्याला लाख लावायची म्हणून शिपाई मामा आवक-जावकला गेले आणि हात हलवत परत आले. लाखेची कांडी संपली होती, गेल्या वर्षीच मागणीपत्र दिलंय म्हणे. मग चिकटपट्टी लावली, तिच्यावरून आडवी सही केली आणि कपाटात ठेवला. बाहेर बाकावर बाप पिशवीची घडी घालत होता. ‘‘मॅडम, तो कागद परत मिळेल का? एकच झेरॉक्स आहे.’’

‘‘तो आता लागणार नाही,’’ म्हटलं. ‘‘उद्या सकाळी सहाच्या हजेरीला पाठवा त्याला. गमबूट आणि हातमोजे भांडारातून मिळतील, मापाचे नसतील तर तिथल्या तिथे बदलून घ्यायचे.’’